बारवेतले ओंडके

भाड्याच्या घरातलं आमचं फडताळ आंब्याच्या लाकडाचं होतं आणि त्यातून भुगा गळायचा. पिवळसर, बारीक, हाताला पिठासारखाच लागणारा. आम्हाला आधी वाटलं, डब्यांभोवती पीठच सांडतंय. मग एकदा बायकोने कणकेचा डबा उघडला आणि वरच्या फळीच्या भोकातून भुग्याची बारीक धार डब्यात पडली. धारेमागून एक तपकिरी भुंगेरा पडला आणि कणकेवर चालू लागला. तिने डबा तसाच उचलून माझ्यापुढे ठेवला.

"हे आपण किती दिवस खातोय?"

आकडा माहीत नसला की मला चैन पडत नाही. फळीवर कागद अंथरून मी आठ दिवस भुगा जमवला आणि वाण्याच्या तराजूवर तोलला. साठ ग्रॅम भरला. म्हणजे वर्षाला पावणेतीन किलो. त्या घरात आम्ही चार वर्षं राहत होतो. निम्माच डब्यांत गेला असं धरलं तरी साडेपाच किलो लाकूड आणि त्यातल्या किड्यांची घाण आमच्या पोटात गेली होती. हे मी बायकोला सांगितलं. सांगायला नको होतं. दोन दिवस तिला पोळी गिळवेना.

ही एकाहत्तर सालची गोष्ट. मी जमीन मोजणीच्या कचेरीत नोकरीला होतो आणि नगरबाहेर सावेडीला दोन खोल्या बांधायला काढल्या होत्या. तेव्हा सावेडीत घरं थोडी आणि मोकळं रान फार. भिंतींत मी कपाटांसाठी तीन कोनाडे ठेवले होते, दोन स्वयंपाकघरात आणि एक बाहेर. बायकोची अट एकच होती. भुगा पडणार नाही असं लाकूड. बाकी रंग, नक्षी, मुठी, तुम्हाला हवं ते करा. आज त्या कोनाड्यांत कडप्प्याच्या फरशा आहेत आणि त्यांना दारं नाहीत. पाहुणे विचारतात, एवढे चौकस माणूस तुम्ही, कपाटं का नाही केली? मी विषय बदलतो. इथे बदलणार नाही.

लाकडाच्या वखारी मी पाच पाहिल्या. पाचही ठिकाणी सागवान म्हणून जे दाखवलं त्यात निम्मं सालीलगतचं पांढरं, कच्चं लाकूड होतं आणि त्याला गेरू आणि तेल चोळून पिकल्या सागाचा रंग आणलेला होता. मी अंगठा जिभेला लावून फळीवर घासायचो. अंगठा लाल व्हायचा.

"साहेब, लाकूड बघायला आलात का चाखायला?" एका वखारवाल्याने विचारलं. त्याचे हमाल हसले.

"तुम्ही रंगवायचं थांबवलंत तर मी चाखायचं थांबवीन," मी म्हणालो.

"मग चाखतच राहा," तो म्हणाला आणि सुपारी कातरू लागला.

खोटेपणाचं मला एवढं नवल नव्हतं. तो खोटेपणा लपवायची कुणालाच गरज वाटत नव्हती, याचा उबग आला. मग मी ठरवलं की माणसांना विचारायचंच नाही, लाकडालाच विचारायचं. साग, आंबा, खोक्याचं देवदार, कडुनिंब आणि बाभूळ, अशा पाच लाकडांचे सारख्या मापाचे तुकडे कापून घेतले, तोलले, आणि प्लॉटच्या कोपऱ्यात वाळवीचं वारूळ होतं त्याच्या कडेला पुरले. चाळीस दिवसांनी उकरले. आंब्याच्या तुकड्याची नुसती मातीची खोळ उरली होती. देवदार निम्मं गेलं होतं. वखारीतल्या सागाचं वजन तिसऱ्या हिश्श्याने घटलं होतं. कडुनिंब टिकला होता, पण तो कडू लाकडाचा वास पिठाला लागेल म्हणून बायकोला नको होता. बाभळीच्या गाभ्याला वाळवीने तोंडही लावलं नव्हतं.

मी सुतारमिस्त्रीला बोलावून तुकडे दाखवले. तो म्हातारा होता, पारनेरकडचा, आणि हात अतिशय स्वच्छ.

"बाभळीचं कपाट?" तो म्हणाला. "नांगर केलाय. गाडीचा आख केलाय. कपाट न्हाई केलं जन्मात. तुमाला कपाट जुपायचंय का काय?"

"पण होईल की नाही?"

"व्हईल. पर ओली बाभळ लई वंगाळ. दार पापडावानी दुमडतंय. पान्यात मुरवाया लागंल. वरीसभर पान्यात, मग चार म्हैनं सावलीत. त्यातला सगळा रस पान्यात उतरला की किडा शिवत न्हाई आन लाकूड फिरत न्हाई."

"बरोबर वर्ष?"

"आता वरीस म्हंजे वरीस. मी काय घड्याळ लावून बसतूय का?"

मी वहीत लिहून घेतलं, बारा महिने.

बायकोचं माहेर जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या अलीकडे दोन मैलांवरची एकोणीस घरांची वस्ती. सासूसासरे वारलेले होते आणि तिचा धाकटा भाऊ शेती बघत होता. त्या दिवाळीला पाडव्यासाठी गेलो तेव्हा जेवताना मी बाभळीचा विषय नुसता काढला. तिकडे जावयाने विषय नुसता काढून भागत नाही. हात धुवेपर्यंत माझा मेहुणा कुऱ्हाड घेऊन उभा होता.

"दाजी, बांधावर सात बाभळी हायेत. तुमी नुसतं बोट दावा."

दोन पाडल्या. सहा-सहा फुटांचे सात ओंडके निघाले, घेर सरासरी तीन फूट. ते मुरवायचे कुठे, तर वस्तीच्या खालच्या अंगाला एक जुनी दगडी बारव होती. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येईल अशी ती चौकोनी विहीर, तळाशी बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद. तिचं पाणी माणसं पीत नव्हती. पिण्यासाठी दोन विहिरी होत्या. बारवेवर जनावरं पाजायची, गोधड्या धुवायच्या, एवढंच. तेव्हा तिथे ओंडके बुडवण्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं, हे मी आजही म्हणतो. साल काढायचे कष्ट मीच नको म्हणालो. वर्षाने ती हाताने सुटून येईल, असा माझा हिशोब होता. ओंडक्यांवर दगड रचून ते तळाशी बसवले आणि मी दिवस मोजत नगरला परत आलो.

पुढच्या वर्षी पाऊस झाला नाही. त्याबद्दल इथे सांगायची गरज नाही, या जिल्ह्यातल्या कुणालाच नाही. श्रावणात मेहुण्याचं कार्ड आलं. खुशालीच्या मजकुराखाली एक ओळ होती: "बारवेचं पाणी कमी होत चाललं आहे, तरी ओंडके काढावेत की कसं ते कळवावं." मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. त्या उत्तराकडे मी पुढे येणार आहे. मला ते पाठ आहे.

दिवाळीच्या सुमाराला बारा महिने पुरे होत होते. दोन दिवसांची रजा काढून मी एकटाच निघालो. बायको बांधकामाकडे थांबली. जाताना तिने कोनाड्यांची मापं पुन्हा एकदा घेऊन माझ्या खिशात चिठ्ठी घातली. खर्ड्याला एसटीतून उतरून चालत निघालो, तर वाटेत रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया बसल्या होत्या. चेहरे पांढरे, पापण्यांवरसुद्धा दगडाची पूड. तिथे टँकर उभा होता आणि घागरींची रांग होती. मी पाहिलं आणि पुढे गेलो.

मेहुणा आणि त्याची बायको, जिला मी वहिनी म्हणत असे, दोघंही त्याच कामावर जात होती. त्या दिवशी मी येणार म्हणून वहिनी घरी थांबल्या होत्या. त्यांनी पाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं, तेही पुरं भरलेलं नव्हतं. प्यायला फुलपात्रात स्वच्छ, गार पाणी दिलं. जेवायला रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं होतं. मेहुणा दुपारी कामावरून आला आणि माझ्या शेजारी बसला. त्याच्यापुढे वेगळा तांब्या होता. पाणी वाढताना वहिनी एकदा चुलीमागच्या कळशीकडे जात आणि एकदा दारातल्या रांजणाकडे. कळशीतलं मला, रांजणातलं त्याला. रांजणाच्या तोंडाला चौपदरी फडकं बांधलेलं होतं. ते फडकं चहा गाळायच्या फडक्यासारखं तपकिरी झालं होतं. मला ते दिसलं. पण मी ओंडक्यांच्या विचारात होतो, आणि आपल्याला हवं तेवढंच मोजायची माणसाला सवय असते.

जेवून मी एकटाच बारवेकडे निघालो. तीस-चाळीस पावलांवरून वास आला. चांभारवाड्यात कातडी कमवायच्या कुंडाजवळून गेलेल्या माणसाला तो वास सांगावा लागणार नाही. कातडी कमवायला बाभळीचीच साल वापरतात. त्यात नासक्या अंड्याचा वास मिसळलेला. मी नाकाला रुमाल लावला. पायऱ्यांच्या तोंडाशी आलो तर खाली पाच-सहा बाया घागरी भरत होत्या.

आधी मला वाटलं, गुरांसाठी असेल. मग आठवलं की वस्तीत शिरल्यापासून एकही जनावर दिसलं नव्हतं. सगळी छावणीत गेली होती.

पाणी काळपट तांबडं होतं. वर तेलकट साय धरली होती आणि बाया घागरीच्या बुडाने ती बाजूला सारून पाणी घेत होत्या. सायीखाली माझे ओंडके दिसत होते. त्यांची साल सुटून लोंबत होती, आणि तिच्या खालून मधूनच एखादा बुडबुडा वर येऊन फुटत होता.

एका साठीच्या बाईने वर पाहिलं. तिला सगळे आत्या म्हणत. तिने मला ओळखलं.

"या की पाव्हणं," ती म्हणाली. "कपाट बघाया आलाव?"

दुसरी म्हणाली, "रुमाल कशाला लावलाय नाकाला? तुमच्याच घरचा वास हाय."

"अगं, त्यांला काय म्हाईत," आत्या म्हणाली. "पाव्हणं, तुमच्या कपाटाचा काढा पितोय आमी. आखाडापासून. पोट बांधून ऱ्हातंय, तेवढा एक गुन हाय."

सगळ्या हसल्या. त्या हसण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते नेहमीचं हसणं होतं, रोज पाणी भरताना हसतात तसं.

"हे ओंडक्यांचं पाणी का पिता?" मी विचारलं. किती मूर्ख प्रश्न होता तो.

"दोन्ही हिरी आटल्या की," ती म्हणाली. "मग काय खडी खावी?"

"मग ओंडके का नाही काढले?"

घागर डोक्यावर घेऊन आत्या पायऱ्या चढून आली आणि माझ्याजवळ थांबली. "ते तुमच्या मेव्हण्याला इचारा. त्याच्याकडं कागूद हाय."

मी परत आलो. मेहुणा अंगणात बाजेवर पडला होता. मी विचारताच उठून बसला.

"कोन काय म्हनलं तुमाला?"

"कुणी काही नाही म्हटलं. कागद कुठला?"

वहिनी आत गेल्या, आढ्याच्या वाशात खोचलेलं कार्ड काढून आणलं आणि माझ्या हातात दिलं. माझंच अक्षर. "ओंडके पूर्ण बारा महिने होईपर्यंत कोणत्याही कारणास्तव हलवू नयेत. पाणी उतरून उघडे पडत असल्यास आणखी खोल भागात सरकवावेत. अकरा महिने म्हणजे बारा नव्हेत." शेवटच्या वाक्याखाली मी रेघ मारली होती.

"बाया दोनदा आल्या हुत्या भांडाया," वहिनी म्हणाल्या. त्या माझ्याशी एरवी पदर सावरून, खाली बघून बोलत. आता सरळ बघत होत्या. "ह्यांनी पारावर समद्यांना तुमचं कार्ड वाचून दावलं. म्हनले, जावयाचा शब्द हाय. मग कोन काय बोलनार? आन तुमी म्हनला तसं खोलात सरकवलं बी. जितं पानी भरत्यात तितं."

"तू गप," मेहुणा म्हणाला. "दाजी, वास लाकडाचा न्हाई. तळाला पानी गेलं की वास येतोच. उलट लाकडानं पानी वर आलंय."

हे तो खरंच मानत होता. मी मनातल्या मनात हिशोब केला. सात ओंडके म्हणजे तीस घनफूट, तळ एकशे चव्वेचाळीस चौरस फूट. पाणी अडीच इंच वर आलं होतं. त्या अडीच इंचांचा त्याला आधार वाटत होता.

"तू मला लिहायचंस ना, की हे पाणी पितो आहोत म्हणून."

"तुमाला तरास कशाला," तो म्हणाला.

मी रांजणाकडे गेलो आणि तांब्या उचलला. तो धावत आला आणि त्याने माझं मनगट धरलं.

"ते न्हाई. ते तुमच्यासाठी न्हाई. तुमच्यासाठी टँकरचं आनलंय, ती आनती डोक्यावरून. आक्कीला कळलं की तुमाला ह्ये पाजलं, तर ती माझं त्वांड बघंल का?"

आक्की म्हणजे माझी बायको. मी मनगट सोडवून घेतलं आणि फडकं सारून घोटभर प्यालो. तोंड आवळून आलं, कात चावल्यासारखं. मग जिभेच्या मुळाशी तो कातड्याचा कडवटपणा पोचला आणि तिथेच बसून राहिला. पाणी घशाखाली जाईना. मी अंगणाच्या कडेला जाऊन थुंकलो. थुंकलो, आणि मग मागे वळून पाहिलं, तर वहिनी बघत होत्या. त्या ते पाणी चार महिने गिळत होत्या.

मला किळस आली होती ती पाण्याची, असं म्हणून मी सुटणार नाही. मला स्वतःच्या अक्षराची किळस आली. माझं अक्षर चांगलं आहे, कचेरीत नाव घेतात. मला माझ्या मेहुण्याच्या नम्रपणाचीही तितकीच शिसारी आली. घरातली माणसं कुजकं पाणी पितायत आणि हा माणूस माझ्यासाठी वेगळी कळशी भरून ठेवतो आणि त्याला प्रेम म्हणतो. आणि मी ते प्रेम वर्षानुवर्षं ताटात वाढून घेत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना बारवेवर बोलावलं. ओंडके काढायचे, म्हणालो. आत्या म्हणाली, "आता काढू नगा."

"का?"

"बुडी गाळ किती हाय ठाव हाय? वढाया लागलाव की समदा वर येनार. हाय ते बी जानार. आता पाव्हण्याच्या मनात आलं म्हनून काढायचं, मागं पाव्हण्याच्या मनात आलं म्हनून घालायचं."

तिचं बरोबर होतं. मी काठीने पाणी मोजलं. सव्वादोन फूट. ओंडक्यांची जागा वजा करून सुमारे सातशे घागरी. एकोणीस घरं, घरटी चार घागरी, म्हणजे झरा न धरता नऊ दिवसांचं पाणी. मी म्हणालो, आधी घरात जेवढी भांडी आहेत तेवढी वरच्या पाण्याने भरून घ्या, मग ओंडके काढू आणि गाळ बसू देऊ. आत्याने खाली बायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "भरा गं."

घागरी, हंडे, परात, कढई, सगळं भरून झालं. मग दोर आणले. बैल छावणीत, तेव्हा माणसांनीच ओढायचं. कामावरचा खाडा करून लोक थांबले होते. मी धोतर खोचून पाण्यात उतरलो. मेहुणा वरून म्हणत राहिला, "दाजी, तुमी न्हाई, तुमी वर या," आणि मी त्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

ओंडक्यांना बुळबुळीत थर चढला होता. हात धरला की साल सुटून मुठीत यायची, ओल्या कातड्यासारखी, आणि तिच्या आत पांढरे, केसासारखे बारीक किडे वळवळायचे. दोर बसेना. मिठी मारून ओंडका उभा करावा लागे. छाती, हनुवटी, ओठ, सगळं त्या सायीने माखलं. चार ओंडके निघाले. पाचवा उचलला तेव्हा त्याच्याखालून काहीतरी सुटून वर आलं आणि पाण्यावर तरंगू लागलं. मेलेली घूस. फुगलेली, केस गळालेले, कातडी पांढरीफटक. दगडाखाली दबून ती किती दिवस तिथे होती कोण जाणे. वहिनी दोन पायऱ्या वर गेल्या, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि त्यांना उमासे येऊ लागले. पोटातून काही पडलं नाही. मग आणखी दोघीतिघींना.

आत्याने नुसतं विचारलं, "आता भरल्याल्या भांड्यांचं काय?"

भरलेली भांडी रिकामी करावी लागली. बारवेतलं पाणीही उपसून टाकावं लागलं, गाळासकट. नऊ दिवसांचं पाणी आम्ही दिवसभर खपून शेतात ओतलं, आणि त्या जमिनीने ते पाहता पाहता शोषून घेतलं.

ओंडके वर पडले होते. उन्हात साल वाळून गळाली आणि आतलं लाकूड दिसलं. काळसर तांबूस, घट्ट, एक चीर नाही. मिस्त्रीने ते पाहिलं असतं तर त्याचे डोळे भरून आले असते. बारा महिने पुरे झाले होते. मी मेहुण्याला म्हणालो, फोडून वस्तीत जळणाला वाटून टाक. तो म्हणाला, "एवढं चांगलं लाकूड? आक्कीचं कपाट?" मी कुऱ्हाड मागितली. त्याने दिली नाही. शेवटी आत्याने शेजारून आणवली आणि कुणाची परवानगी न घेता मला पहिला घाव घालायला लावला. "पानी उकळाया पायजेल," ती म्हणाली. "जे काय येईल ते."

काय येईल, हे मोजायला मी तिसऱ्या दिवशी पहाटेपासून बारवेच्या तळाशी बसलो. धुतलेल्या फरशीवर एका सांधीतून झरा येत होता. सहा तासांत पाव इंच. दिवसाला एक इंच. अठ्ठावीस घागरी. घरटी दीड घागर. मी कागदावर एकोणीस घरांच्या पाळ्या लिहून दिल्या, कुणी कधी भरायचं, किती भरायचं, रस्त्याच्या कामावरून येताना कुणी टँकरची घागर आणायची. कागद आत्याने वाचून घेतला. तिला वाचता येत नव्हतं, वहिनींनी वाचून दाखवला.

"हिशेब लई झ्याक जमतोय पाव्हण्यांना," आत्या म्हणाली. "ह्योच हिशेब आदी बी जमला असता." आणि कागद कमरेला खोचून निघून गेली. पुढे कळलं की वस्तीने त्या पाळ्या पाळल्या. त्याचं श्रेय मला नको.

माझी रजा संपून एक दिवस वर झाला होता, पण आणखी दोन दिवस थांबून झऱ्याकडे लक्ष द्यावं असं मला वाटत होतं. त्या संध्याकाळी वहिनी त्यांची दीड घागर घेऊन आल्या. घरात सहा माणसं. दीड घागर म्हणजे अठरा लिटर, माणशी तीन. मला धरलं तर अडीच. स्वयंपाक, भांडी, सगळं त्यातच. चुलीमागची कळशी रिकामी होती, कारण दोन दिवस कामावर कुणी गेलंच नव्हतं. वहिनींनी उकळून गाळलेलं पाणी दोन तांब्यांत ओतलं, एक नवऱ्यापुढे ठेवला आणि एक माझ्यापुढे. सारखंच पाणी. अजून त्याला थोडा रंग होता. मेहुणा काही बोलणार होता, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"मी उद्या पहिल्या गाडीने निघतो," मी म्हणालो.

त्या घरात जावई निघतो म्हणाला की निदान चारदा थांबा म्हणायची पद्धत होती. मागे एकदा माझी पिशवी लपवून ठेवली होती. वहिनी म्हणाल्या, "व्हय. मग सकाळी लवकर उठवते." मेहुण्याने मान खाली घातली.

सावेडीला पोचलो तेव्हा बायको कोनाड्यांना चुना देत होती. माझे कपडे, हातांवरचे तांबडे डाग पाहून तिने कुंचला बादलीत टाकला. मी सगळं सांगितलं. कार्डातला मजकूर, घूस, पाण्याचे आकडे. मी काही लपवलं नाही. ती ऐकत होती. कपाटाचं तिने विचारलं नाही.

"तुम्ही पहिल्या दिवशी तिथे जेवलात?" तिने विचारलं.

"हो."

"आणि पाणी कुठलं प्यालात?"

"माझ्यासाठी वेगळं आणलं होतं," मी म्हणालो.

मग बादली उचलून ती दुसऱ्या खोलीत गेली आणि तिथल्या कोनाड्याला चुना देऊ लागली. मी हात धुवायला मोरीत गेलो. साबणाने तीनदा धुतले. बाभळीचा डाग साबणाने जात नाही. कातडी झिजून जाईपर्यंत तो राहिला, सव्वीस दिवस.